नांगर टाकायचा नाही

माझ्या बायकोच्या धाकट्या मामांइतका अचूक माणूस महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत दुसरा नसेल, आणि अचूकपणापायी इतकं नुकसान करून घेतलेला तर नक्कीच नसेल. जमीन मोजणीच्या सरकारी कचेरीत त्यांनी छत्तीस वर्षं काढली. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण मोजणी थांबलेली नाही. सदऱ्याच्या खिशात गुंडाळलेली फीत असते. कुणाच्या घरी गेले की ते आधी उंबऱ्यावर क्षणभर थांबतात. ते पाहुणचाराची वाट बघतात असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात घराचं तोंड पूर्वेपासून किती कललंय हे ते बघत असतात. पत्ता विचारला की ते गट नंबर सांगतात आणि त्यानंतर चतुःसीमा. एकदा पोटात कळ आली म्हणून मी त्यांना महाडला नव्या डॉक्टरांकडे नेलं. कुठं दुखतंय, असं डॉक्टरांनी विचारल्यावर मामा टेबलावर आडवे होत म्हणाले, "डोकं उत्तरेला धरा. बेंबीपासून वायव्येला चार बोटं." डॉक्टर माझ्याकडे बघू लागले. सोनोग्राफीत पित्ताशयाचा खडा बरोबर तिथं निघाला. तेव्हापासून ते डॉक्टर दार उघडताच विचारतात, "मामा, आज कोणती दिशा?"

त्यांचं पाऊल अडीच फुटांचं आहे, चढावर सव्वादोन. निवृत्तीनंतर ते महाडजवळच्या नाते गावी राहायला आले आणि महिन्यातून एकदा सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर गुडघे शेकायला जातात. रस्त्यापासून कुंडापर्यंतची पावलं दर वेळी मोजतात. मध्येच कुणी "काय मामा, बरं हाय ना?" म्हणालं तर ते उजव्या हाताचं एक बोट वर करतात आणि चालत राहतात. मोजणी संपली की परत येऊन उत्तर देतात, "कालच्यापेक्षा बरं." विचारणारा तोवर बसमध्ये चढलेला असतो. ही जागा इतक्या वर्षांत हललेली नाही, मग दर वेळी कशाला मोजता, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "जागा हलत नाय. मी हलतो का ते बघतो."

मी महाडला एका वर्तमानपत्राचा बातमीदार आहे. माझी बातमी छापून आली की मामा ती तांबड्या पेनानं वाचतात. पिकाचं नुकसान, दरडी, अपघात, काहीही असो, त्यांचं पेन एकाच शब्दाखाली थांबतं. "सुमारे म्हंजे किती, जावईबापू?" सुमारे, अंदाजे, जवळपास हे शब्द आमच्या धंद्यात पोटापाण्याचे आहेत, हे मी त्यांना सांगून पाहिलं. ते म्हणाले की मोजायला गेला नसाल तर तसं लिहा, 'मी मोजायला गेलो नाही' असं. त्यांच्या धाकानं मी एका पुराच्या वेळी पुलाच्या खांबावरची ओली खूण स्वतः जाऊन मोजली होती. ती बातमी त्यांनी कापून ठेवली आहे. दुसरी कुठलीही ठेवलेली नाही.

या माणसाला थोरला भाऊ आहे. थोरले मामा पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीत राहतात. नाचणी, वरी, थोडं भात, एक बैलजोडी, असा त्यांचा संसार. एकवीस वर्षांपूर्वी शेजारच्या खातेदारानं बांधाची मोजणी मागवली. धाकटे मामा त्याच कचेरीत असल्यानं साहेबांनी दुसरा मोजणीदार पाठवला. त्यानं फीत लावली आणि दीड हाताची पट्टी शेजाऱ्याची निघाली. त्या दीड हातात एक कापा फणस उभा होता. दोघा मामांच्या वडिलांनी लावलेला. थोरल्या मामांनी मोजणी मान्य नसल्याचं सांगितलं, आणि देवळासमोर गाव जमलेलं असताना धाकट्या भावाकडे बोट केलं. हा सांगंल, हा त्याच कचेरीतला हाय. धाकट्या मामांना विचारलं गेलं. त्यांनी दोन दिवस स्वतः जाऊन फीत लावलेली होती. ते म्हणाले, "मोजणी बरोबर हाय."

ते गप्प राहिले असते तरी चाललं असतं. गावाचं आजही तेच म्हणणं आहे. पण त्यांना विचारलं होतं, आणि विचारलं की ते सांगतात. थोरल्या मामांनी तिथंच देवाला नारळ ठेवून शपथ घेतली. "ह्याचा पाय ज्या जमिनीवर असंल त्या जमिनीवर माझा पाय पडायचा नाय."

शपथ रागातली होती, पण घेणारा मोजणीदाराचा भाऊ होता. तिच्या शब्दांत फट नव्हती. माझ्या लग्नात थोरले मामा सकाळी अक्षता टाकून गेले आणि धाकटे मामा दुपारच्या पंगतीला आले. मांडवाची वेळ वाटून दिली होती. त्यांच्या आईच्या दिवसांना दोघांनी दोन वेगवेगळ्या दिवशी पिंड ठेवले. पोलादपूरच्या स्टँडवर एकदा थोरले मामा एसटीत चढले आणि मागच्या बाकावर भाऊ बसलेला दिसताच उतरले. गाडीत कुठली आलीय जमीन, असं कंडक्टरनं विचारलं. चाकं जमिनीवर हायत, असं उत्तर मिळालं. धाकट्या मामांना हा प्रसंग मी सांगितला तेव्हा त्यांनी मान हलवली. "बरोबर हाय," ते म्हणाले. शपथ आपल्याविरुद्ध असली तरी ती नीट पाळली जातेय याचं त्यांना समाधान होतं.

मधल्या काळात एका वादळात तो फणस पडला. नुकसानीचे फोटो काढायला मी त्या वाडीत गेलो होतो. परत आल्यावर धाकट्या मामांना सांगितलं. त्यांनी विचारलं, कुठल्या बाजूला पडला? शेजाऱ्याच्या, मी म्हणालो. बांधापासून किती? मी मोजलं नव्हतं. ते उठून आत गेले. दिशा मात्र त्यांनी दुसऱ्या दिवशी फोन करून विचारून घेतली. ईशान्य.

आता त्या बोटीचं. घाट चढून पलीकडे धरणाचा मोठा जलाशय आहे, तिथं एका रिसॉर्टनं एक नवीन बोट आणली. तिची बातमी करायला मी गेलो होतो. ही बोट स्वतःच्या मागे लाट तयार करते. फळीवर उभा राहिलेला माणूस आधी दोरीला धरून येतो, मग दोरी सोडून देतो आणि नुसत्या लाटेवर बोटीच्या मागोमाग सरकत राहतो. त्यासाठी बोट जड लागते. पोटातल्या टाक्यांत तळ्याचंच पाणी भरतात आणि वर माणसं एका बाजूला बसवतात. त्या बाजूला बोट कलली की त्याच बाजूला लाट उठते. हे सगळं मी धाकट्या मामांना सांगत होतो ते केवळ गप्पा म्हणून. त्यांनी नेहमीप्रमाणे लांबी, रुंदी, टाकीत किती लिटर हे विचारलं. मग विचारलं, "माणसं नुसती वजन म्हणून बसतात? दुसरं काय काम नसतं त्यांना?" मी नाही म्हणालो.

त्याच महिन्यात थोरल्या मामांची नात नाते गावी येऊन गेली. ठाण्याला नोकरी करते. दोन्ही घरांत जाणं-येणं असलेली ती एकटीच. फळीवर उभं राहून लाटेवर जाणाऱ्या मुलींचे व्हिडिओ ती मोबाइलवर बघायची, ते तिनं धाकट्या आजोबांना दाखवले. बोलता बोलता तिनं सांगितलं की वाडीतल्या आजोबांना दवाखान्यातून आणलंय, आता बरे आहेत, वजन तेवढं उतरलंय. मामांनी विचारलं, किती? अठ्ठेचाळीस किलो.

"सत्तर होता," मामा म्हणाले. "भाताचं पोतं पाठीवर घेऊन वाडी चढायचा." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्याकडे त्या बोटीचा नंबर मागितला. अर्ध्या तासासाठी मिळते, मी म्हणालो. त्यांना पूर्ण दिवस पाहिजे होता. भाडं किती पडलं हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी विचारलेलं नाही, कारण विचारलं असतं तर सांगितलं असतं.

नातीनं वाडीत जाऊन निरोप दिला. थोरल्या मामांनी आधी बोट ऐकून घेतली, भाऊ असणार हेही ऐकून घेतलं, आणि मग तीन प्रश्न विचारले. बोटीला चाकं हायत काय? नाहीत. बांबूनं ढकलतात काय? बांबू तळाला टेकतो, म्हंजे जमीन आलीच. नाही, इंजिन आहे. मग, उभी करताना काय करता? नातीनं बोटवाल्याला फोन करून विचारलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, नांगर टाकतात. जन्मभर नांगर धरलेल्या माणसाला तो शब्द एकाच अर्थानं कळला. "नांगर म्हंजे जमिनीत घुसणारच गो," ते म्हणाले. "नांगर टाकायचा नाय. कबूल असंल तर येतो. आणि त्याला सांग, भेटायला नाय. वजन म्हणून."

धाकट्या मामांना हा निरोप कळला तेव्हा त्यांनी तो कागदावर लिहून घेतला. नांगराचा मुद्दा आपल्या लक्षात कसा आला नाही याचं त्यांना वाईट वाटलं. पाणीसुद्धा शेवटी जमिनीवरच असतं की, अशी शंका मी काढली. त्यांनी कागदाची घडी घातली. "पाण्यावर कुणाचा पाय ठरत नाय, जावईबापू," ते म्हणाले. "आता ही शंका तुम्ही वाडीत बोलू नका."

ठरलेल्या दिवशी आम्ही उजाडायच्या आत घाट चढलो. धक्क्यावर दोन्ही भावांचे पाय एकाच वेळी पडू नयेत म्हणून धाकटे मामा तासभर आधीच बोटीत जाऊन बसले. नारिंगी जॅकेट घातलेलं, गुडघ्यावर टोपी, आणि फीत खिशात. साडेनऊला जीप आली. थोरले मामा नातीच्या खांद्यावर हात ठेवून पायऱ्या उतरले. शेवटच्या पायरीवर थांबून त्यांनी बोटीकडे बघितलं, भावाकडे नाही, आणि उजवा पाय आत टाकला. बोट जराही हलली नाही. बोटवाला तिशीतला, उन्हानं रापलेला माणूस होता. त्यानं जॅकेटचे पट्टे आवळता आवळता विचारलं, बाबा, तुम्हीपण खेळणार का? थोरले मामा म्हणाले, "मी वजन म्हणून आलोय." बोटवाल्यानं त्यांच्या मनगटाकडे बघितलं आणि पट्टा आणखी थोडा आवळला.

थोरले मामा डाव्या बाजूला शेवटच्या गादीवर बसले. धाकटे मामा उजवीकडे पुढे. मी कुठं बसावं हे कुणी सांगितलं नाही. बोट निघाली, टाक्या भरल्या, नात दोरी धरून पाण्यात उतरली, उभी राहिली आणि पडली. पुन्हा उभी राहिली, पुन्हा पडली. बोटीच्या मागे पाणी नुसतं खळबळत होतं, दोन्हीकडे सारखं. बोटवाल्यानं बोट थांबवून मागे बघितलं. "लाट नाही बनत साहेब. सगळं वजन डावीकडं पाहिजे. सगळं एका बाजूला."

कुणी हललं नाही. मग मी डावीकडे गेलो आणि माझ्यामागून धाकटे मामा आले. मी दोघांच्या मध्ये बसलो. हद्दीचा दगड कसा बसत असेल ते मला तेव्हा कळलं. बोटवाला म्हणाला, अजून मागे सरका, एकमेकांना चिकटून. आणि पत्रकारसाहेब, तुम्ही पुढे या, ती पडली की हात वर करून मला सांगा. मी उठलो. माझ्या जागेचं काय होतंय ते मी बघितलं नाही. बोट डावीकडे कलल्याचं पायाला जाणवलं आणि मागे हिरव्या पाण्याची एक गुळगुळीत भिंत उठली, कमरेइतकी. इतकी सरळ की मामांनी फीत काढली असती. नात तिच्यावर उभी राहिली. तिनं दोरी सोडली.

माझ्या मागून थोरल्या मामांचा आवाज आला. "पडंल ती."

"नाय पडायची," धाकटे मामा म्हणाले.

ती पडली नाही. एकवीस वर्षांनंतरचं पहिलं बोलणं एवढंच झालं, आणि त्यानंतर दुपारपर्यंत ते दोघंही फक्त वजन होते. नात सात वेळा लाटेवर उभी राहिली, हे धाकट्या मामांनी मला नंतर सांगितलं. बोटवाल्याच्या मते सहा.

दुपारी बोटवाल्यानं इंजिन बंद केलं आणि सवयीनं नांगराच्या दोरीला हात घातला. "नांगर टाकायचा नाय," दोन्ही भाऊ एकाच वेळी म्हणाले. त्याला कारण कळलं नाही, पण त्यानं दोरी ठेवून दिली. वारा असेल तर बोट काठाकडे जाईल, तेवढं सांगतो, तो म्हणाला. वारा होता. तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या जवळ्याची चटणी आणि कांदा असं जेवण सुटलं. नात केस पिळत पुढे बसली होती. थोरल्या मामांनी अर्धी भाकरी खाल्ली. उरलेली अर्धी त्यांनी न बघता बाजूला ठेवली, आणि धाकट्या मामांनी ती न बघता उचलली. काठ जवळ येत होता. आधी झाडं वेगळी झाली, मग दगड, मग चिखलावर बसलेला एक बगळा दिसू लागला. चिखलाला बोट टेकली की पुढचं बोलणं संपणार हे बोटीतल्या आम्हा चौघांना ठाऊक होतं. धाकट्या मामांचे डोळे काठावरून हलत नव्हते. ते अंतर मोजत होते. ते मी ओळखतो.

"फणस पडला," थोरले मामा म्हणाले. "ठाऊक हाय?"

"ठाऊक हाय, दादा."

बोटवाला इंजिनापाशी गेला. इंजिन सुरू झालं असतं तर कुणाचंच काही ऐकू आलं नसतं. मी त्याला हातानं थांबवलं. थोरल्या मामांनी जॅकेटचा पट्टा उगाच एकदा ओढून बघितला.

"धाकल्या, कुठल्या बाजूला पडला रे?"

थोरले मामा आजारी पडेपर्यंत रोज त्या बुंध्याजवळून गुरं घेऊन जायचे. धाकट्या मामांना दिशा माझ्याकडून कळली होती, ईशान्य, बांधापलीकडे. मी तर फोटोच काढला होता. त्या बोटीत उत्तर माहीत नसलेला असा कुणी नव्हता, एक बोटवाला सोडला तर. छत्तीस वर्षं ज्यांच्या कागदावर फक्त अर्जदार आणि लगतचा खातेदार हे दोघंच होते, त्या धाकट्या मामांनी काठाकडे बघणं सोडलं आणि ते भावाकडे वळले.

"आपल्या," ते म्हणाले.

थोरल्या मामांनी मान हलवली. खूप सावकाश, एखादी मोजणी मान्य करावी तशी. मी बोटवाल्याला खूण केली. बोट मागे सरकली तेव्हा काठ वीस-बावीस फुटांवर होता. हा आकडा माझा आहे. मामांनी तो मोजला नव्हता.

त्यानंतर संध्याकाळपर्यंत ते काय बोलले ते मी लिहीत नाही, कारण मी पुढे जाऊन बसलो होतो आणि मला ऐकू आलं नाही. बैलाबद्दल काहीतरी होतं. कुठल्याशा गुरुजींची नक्कल झाली आणि थोरले मामा खोकेपर्यंत हसले. नातीनं पुन्हा पाण्यात उतरायचं नाव काढलं नाही. थंडी वाजतेय म्हणाली. ऊन होतं.

सूर्य डोंगराआड जाताना बोट धक्क्याला लागली. शपथ तिथं आमची वाट बघत उभीच होती. ती मोडावी असं कुणी सुचवलं नाही, आणि सुचवलं असतं तर दोघंही रागावले असते. आजही ती आहे. पुढच्या लग्नातही मांडवाची वेळ वाटून द्यावी लागेल. थोरले मामा उठले, भावाच्या खांद्यावर हात ठेवून तोल सावरला, आणि तो हात लागलीच काढला नाही. मग पाय धक्क्यावर टाकला. नात त्यांना घेऊन पायऱ्या चढू लागली. धाकटे मामा बोटीतच बसून राहिले. थोरल्यांची जीप निघून जाईपर्यंत त्यांना जमिनीवर पाय ठेवता येत नव्हता.

दर चार पायऱ्यांवर थोरले मामा थांबत होते. धाकट्या मामांचे ओठ हलत होते, म्हणजे ते मोजत होते. वर पोहोचल्यावर थोरल्या मामांनी मागे वळून बघितलं की नाही, हे मला अंधुक उजेडात नीट दिसलं नाही. जीपचा आवाज घाटाकडे गेला.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, किती पायऱ्या झाल्या?

मामांनी सदऱ्याच्या बाहीनं चष्मा पुसला. तो पुसून झाल्यावर परत डोळ्यांवर न घालता हातातच धरला.

"सुमारे चाळीस असतील," ते म्हणाले.

चढताना मी त्या मोजल्या. सव्वीस होत्या. मी त्यांना सांगितलं नाही.